कमी व्होल्टेजवर पॉवर सप्लाय कसा तपासावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या साखळी गावातल्या आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर वर्षातून दोनदा गर्दी उसळते. एकदा मे महिन्यात, कुळागरांना (माड-पोफळीच्या बागांना) पाणी सोडणारे पंप रात्रंदिवस चालू असतात तेव्हा. आणि एकदा चवथीला (गणेश चतुर्थीला), बाहेरगावची सगळी मंडळी मूळ घरी उतरतात, माटोळीभोवती (गणपतीवरच्या फळापानांच्या मांडणीभोवती) दिव्यांच्या माळा लागतात आणि वाड्यावरची लाईट पिवळी पडते तेव्हा. अडॅप्टर, सेट-टॉप बॉक्स, कॅमेऱ्याचे सप्लाय, अँप्लिफायर असं सगळं पिशव्या भरून येतं. आमच्याकडे २३० व्होल्टवर लावलं की बहुतेक सगळं चालतं, आणि गिऱ्हाईक वैतागतं: "घरी तर चालत नाही!" दोघंही खरं बोलत असतात. सप्लायचा खरा स्वभाव कळतो तो व्होल्टेज खाली नेल्यावर. गेल्या काही वर्षांत फोनवर आणि टेबलासमोर जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते इथे एकत्र केले आहेत. जिथे उत्तर दुसरीकडे आलंय तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. "व्होल्टेज डाऊन" म्हणजे नेमकं किती? किती खाली गेलं की कमी म्हणायचं?

घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत त्यात ६ टक्के वरखाली चालेल असं धरलं होतं, म्हणजे साधारण २१६ ते २४४. १० टक्के धरले तर २०७ ते २५३. त्याखाली गेलं की कागदोपत्री ते कमीच.

टेबलावर मात्र मी २०० च्या वर "कमी" हा शब्द वापरत नाही. वाळपईच्या पुढे एका कुळागरातल्या घरी रात्री साडेआठला मी स्वतः १६८ मोजलेत. पंप बंद करायला सांगितल्यावर त्याच सॉकेटवर १९५ आले. म्हणून आमच्या टेस्टचे थांबे ठरलेले आहेत: २००, १८०, १६०, १३०, ११० आणि शेवटी ९०.

२. अडॅप्टरवर "१००-२४०" छापलेलं आहे. मग तपासायचं कशाला?

छापणाऱ्याने नव्या मालाबद्दल छापलंय म्हणून. चांगला बनवणारा १०० च्या १० टक्के खाली आणि २४० च्या १० टक्के वर धरतो, म्हणजे ९० ते २६४, आणि तेही पूर्ण लोडवर (जोडलेली वस्तू पुरा करंट ओढत असताना). स्वस्त नकली मालात लेबलाची नक्कल होते, आतल्या मालाची होत नाही.

ओळखायची सोपी खूण सांगतो. इतक्या मोठ्या रेंजच्या सप्लायला इनपुटच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वॅटमागे २ ते ३ मायक्रोफॅरड लागतात. कॅमेऱ्याचा १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर म्हणजे २४ वॅट; आत ४७ किंवा ६८ मायक्रोफॅरड दिसायला हवेत. उघडल्यावर करंगळीच्या टोकाएवढा १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिसला, तर लेबलावर काहीही छापलेलं असो, तो अडॅप्टर २३० च्या आसपासचाच आहे. असे आम्ही पिशवीभर काढलेत.

३. व्होल्टेज कमी झालं की करंटही कमी व्हायला हवा ना? मग अडॅप्टर जास्त गरम का होतो?

साध्या बल्बला हा हिशेब लागू पडतो, एसएमपीएसला (आजकालच्या अडॅप्टरांत असतो त्या स्विचिंग सप्लायला) नाही. एसएमपीएसला बाहेर ठरलेले वॅट द्यायचेच असतात. इनपुट निम्मं झालं की तो दुप्पट करंट ओढतो. ज्या भागांत उष्णता करंटच्या वर्गाने वाढते (चोक, एनटीसी, मॉसफेट) तिथे दुप्पट करंट म्हणजे चौपट तापणं. म्हणून कमी व्होल्टेजची टेस्ट म्हणजे एक प्रकारे तापाचीच टेस्ट आहे. पाच मिनिटं चालला म्हणून पास, असं इथे चालत नाही.

४. दुकानात चालतो, घरी संध्याकाळी बंद पडतो. तीनदा नेला, तीनदा "ओके" म्हणून परत दिला. असं का होतं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

६० वॅटचा सप्लाय घ्या, आतून साधारण ७० वॅट ओढणारा. इनपुटला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. तो दर १० मिलिसेकंदाला एकदा भरतो आणि मधल्या वेळात रिकामा होत जातो. २३० वर तो ३२५ व्होल्टपर्यंत (२३० च्या लाटेचं शिखर तेवढं असतं) भरतो आणि पुढचं शिखर येईपर्यंत उतरतो ३०५ पर्यंत. आता तोच कपॅसिटर म्हातारा होऊन ५० मायक्रोफॅरडचा झाला असं समजा. २३० वर तो उतरेल २८६ पर्यंत. ३०५ काय आणि २८६ काय, पुढच्या सर्किटला फरकही कळत नाही. म्हणून दुकानात तो "ओके".

हेच ११० वर करून बघा. शिखर १५५ चं. नवा कपॅसिटर उतरतो ११६ पर्यंत, सप्लाय चालत राहतो. म्हातारा उतरतो ७५ पर्यंत, आणि तिथे बहुतेक सप्लायचा धीर सुटतो. हे आकडे डायोडचा ड्रॉप सोडून काढलेले आहेत, पण टेबलावर याच्या आसपासच दिसतं.

मधल्या १६०-१७० च्या पट्ट्यात हा फरक हळूहळू उघडा पडतो. घरी संध्याकाळी नेमका तोच पट्टा असतो. शिवाय बंद खोक्यात, पत्र्याच्या छपराखाली सप्लाय आधीच तापलेला असतो. तुमच्या दुकानदाराची नियत वाईट नव्हती. त्याने चुकीच्या वेळी चुकीच्या व्होल्टेजवर बघितलं, एवढंच. सुरुवातीच्या वर्षांत मीही एका शाळेचा कॅमेऱ्याचा सप्लाय दोनदा असाच परत पाठवला होता. तिसऱ्यांदा शिपाई म्हणाला, "बाब, तुम्हीच संध्याकाळी येऊन बघा." गेलो. सॉकेटवर १७२ होते.

५. टेस्टसाठी काय काय सामान लागेल?

डिमरस्टॅट (मूठ फिरवून व्होल्टेज वरखाली करणारा ट्रान्सफॉर्मर), ट्रू आरएमएस मीटर (लाट वेडीवाकडी असली तरी खरा आकडा दाखवणारा), लोड, सिरीज बल्ब (सप्लायच्या वाटेत एकामागे एक जोडलेला) आणि जमलं तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (लाईनशी थेट जोड तोडणारा). दोन मीटर असले तर उत्तम, एक इनपुटला आणि एक आउटपुटला. एकच मीटर इकडून तिकडे फिरवताना हात घसरतो. बाकी सामान हौस म्हणून. ऑसिलोस्कोप असला तर रिपल (व्होल्टेजमधली चढउतार) डोळ्यांनी दिसतो, पण नसला म्हणून टेस्ट अडत नाही.

६. डिमरस्टॅट महाग आहे. सिरीज बल्ब लावून व्होल्टेज पाडलं तर?

सिरीज बल्बचं काम वेगळं. शॉर्ट असलेला सप्लाय पहिल्यांदा लावताना तो वाचवतो. तिथे तो हवाच, आणि तोही जुना तारेचा १०० वॅटचा, एलईडी नव्हे. पण व्होल्टेज पाडायला तो चालत नाही. तारेच्या बल्बचा रेझिस्टन्स थंड असताना तापलेल्या अवस्थेच्या दहाव्या हिश्शाच्याही आसपास असतो. एसएमपीएस सुरू होऊन करंट ओढतो, बल्ब तापतो, व्होल्टेज पडतं, एसएमपीएस आणखी करंट ओढतो, आणखी पडतं, शेवटी बंद होतो. बल्ब निवतो आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. तुम्ही समजता सप्लाय खराब. प्रत्यक्षात दोघांची रस्सीखेच चाललेली असते.

७. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा डिमर?

नको. तो वेव्हचा तुकडा कापतो, व्होल्टेज खाली आणत नाही. शिखर बऱ्याचदा जिथल्या तिथे राहतं आणि कपॅसिटरला दर अर्ध्या सायकलला हिसका बसतो. सप्लायही जातो आणि डिमरही.

८. डिमरस्टॅट किती अँपिअरचा घ्यावा?

दुकानात ० ते २७० व्होल्टचे २, ४, ८, १० अशा अँपिअरचे मिळतात. इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात: त्यावरचं रेटिंग अँपिअरचं असतं, आणि मूठ खाली आणल्यावर तो आकडा वाढत नाही. पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) नसलेल्या १०० वॅटच्या सप्लायचा हिशेब करा. एफिशियन्सी ८५ टक्के धरली तर इनपुट सुमारे ११८ वॅट, पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला कामी येणारा हिस्सा) ०.६ धरला तर १९६ व्हीए, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. २३० वर करंट ०.८५ अँपिअर. १०० वर तोच १.९६. म्हणजे २ अँपिअरवाला काठावर बसला.

घरगुती वस्तूंसाठी ४ चा पुरतो. कॉम्प्युटर आणि अँप्लिफायर करणार असाल तर ८ चा घ्या. जुना विकत घेताना वरचं झाकण काढून कार्बन ब्रश जिथे घासतो तो पट्टा बघा. आमच्या पहिल्या डिमरस्टॅटवर ११० च्या जागी काळा डाग पडला होता. आधीच्या मालकाने मूठ वर्षानुवर्षं तिथेच ठेवून कमी व्होल्टेजची वस्तू चालवली असणार. त्या जागी ब्रश आला की मीटरचा आकडा थरथरायचा.

९. टेस्ट नेमकी कशी करायची? क्रमाने सांगा.

आधी डिमरस्टॅटची मूठ शून्यावर. प्लग लावण्यापूर्वी दर वेळी बघायचं, कारण आधीच्या माणसाने ती २७० वर सोडलेली असते. (आमच्याकडे हा आधीचा माणूस बहुतेक वेळा मीच असतो. एका कीबोर्डचा अडॅप्टर त्यात गेलाय.)

मग सिरीज बल्बमधून एकदा २३० देऊन शॉर्ट नाही ना ते पाहा. बल्ब एकदा उजळून विझला की ठीक. प्रखर जळत राहिला तर टेस्ट इथेच संपली. ठीक असेल तर बल्ब काढा, लोड जोडा (प्रश्न १० पाहा) आणि २३० वर पंधरा मिनिटं चालवून सप्लाय गरम होऊ द्या. आउटपुट लिहून ठेवा.

आता मूठ हळूहळू खाली. प्रत्येक थांब्यावर दोन मिनिटं थांबा, आउटपुट आणि इनपुट करंट लिहा. मीटरची तार सप्लायच्या प्लगपाशीच लावा, डिमरस्टॅटच्या डायलवर विश्वास ठेवू नका. आउटपुट ५ टक्क्यांपेक्षा जास्त ढळलं किंवा किणकिण आवाज आला, तर तो व्होल्टेज नोंदवा. हा झाला "उतरतानाचा" आकडा.

त्यानंतर १६० वर अर्धा तास पूर्ण लोडवर ठेवा. खरी परीक्षा ही. वरून हात लावून न बघता, इनपुटच्या कपॅसिटरपाशी थर्मोकपल (तापमान मोजायची तार) चिकटवून बघा. ते नसेल तर बंद करून, प्लग काढून, मग खोकं उघडा. लक्षात ठेवा, ३२५ व्होल्टचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. १० किलोओहम ५ वॅटच्या रेझिस्टरने उतरवा आणि मीटरने खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून उतरवायची जी पद्धत आहे, तिने कपॅसिटर आणि डोळे दोन्ही खराब होतात.

शेवटी थंड सप्लायवर "सुरू होतानाची" टेस्ट: मूठ आधी ९० वर ठेवायची आणि मग स्विच ऑन. नाही सुरू झाला तर बंद करा, मिनिटभर थांबा, ११० वर पुन्हा. मग १३०, १६०, असं जिथे सुरू होईल तिथपर्यंत. हा आकडा उतरतानाच्या आकड्यापेक्षा वेगळा निघतो. का, ते प्रश्न ११ मध्ये.

१०. लोड म्हणून काय लावू? गाडीचा बल्ब चालेल का?

चालेल, पण एका अटीवर. १२ व्होल्ट ५५ वॅटचा हेडलाईट बल्ब थंड असताना जवळजवळ शॉर्टसारखाच वागतो. त्याने सुरू होतानाची टेस्ट घेतलीत तर चांगला सप्लायही ओव्हरलोडमध्ये जाईल. चालू सप्लायला तो जोडायला हरकत नाही. सुरू होतानाच्या टेस्टला वायरवाउंड रेझिस्टर किंवा निक्रोमची तार घ्या. १२ व्होल्ट २ अँपिअरला ६ ओहम, ५० वॅटचा, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर कसलेला. त्याला हात लावायचा नाही हे सांगायला नको, तरी आमच्या पोराच्या तळहातावर त्याचा शिक्का आहे.

लोडशिवाय केलेली टेस्ट मोजतच नाही. रिकामा अडॅप्टर ५० व्होल्टवरही ५ व्होल्ट दाखवेल.

११. चालू असताना मूठ खाली नेली तर १२० पर्यंत चालतो. पण बंद करून १५० ला लावला तर सुरूच होत नाही. खराब आहे का?

बहुतेक वेळा हो, आणि दुरुस्ती दहा रुपयांच्या आत. आतल्या कंट्रोल आयसीला सुरू व्हायला आणि चालू राहायला वेगळी वीज मिळते. जुना, सगळ्यांच्या ओळखीचा यूसी ३८४२ घ्या. तो साधारण १६ व्होल्ट मिळाल्याशिवाय जागा होत नाही, पण एकदा जागा झाला की १० पर्यंत टिकतो. चालू झाल्यावर त्याला ट्रान्सफॉर्मरचं जादाचं वाइंडिंग पोसतं. जागं होण्याआधी मात्र त्याचा सगळा भार एका मोठ्या रेझिस्टरवर असतो, आणि त्यातून त्याला १ मिलिअँपिअरपर्यंत करंट लागू शकतो.

समजा तो रेझिस्टर १५० किलोओहमचा आहे. २३० वर त्यातून २ मिलिअँपिअर येतो, १५० वर १.३. दोन्ही पुरेसे. पण हा रेझिस्टर वर्षानुवर्षं ३०० व्होल्ट अंगावर घेतो आणि त्याची किंमत वाढत जाते. ३०० किलोओहम झाला की २३० वर १ च्या थोडा वर, जेमतेम. १५० वर ०.६५, म्हणजे झोपलेलाच. घरी लाईट संध्याकाळी जाऊन कमी व्होल्टेजवर परत येते तेव्हा नेमकं हेच घडतं. आधी चालू असलेला टीव्ही लाईट परत आल्यावर सुरू होत नाही, आणि घरातले म्हणतात "लाईट गेली तेव्हा उडाला".

रेझिस्टर सर्किटमधून एक पाय काढून मोजा. त्याच्या जोडीला आयसीच्या सप्लायचा छोटा कपॅसिटर (२२ किंवा ४७ मायक्रोफॅरडचा) बदलूनच टाका. तो सुकला तर आयसी जागा होऊन लगेच पुन्हा झोपतो.

एक अपवाद: काही सप्लायमध्ये कमी व्होल्टेजला मुद्दाम बंद व्हायची सोय असते, म्हणजे ब्राउन-आउट संरक्षण. त्यात सुरू व्हायचा व्होल्टेज थांबायच्या व्होल्टेजपेक्षा मुद्दाम वर ठेवलेला असतो, नाहीतर सीमेवर तो चालू-बंद करत बसेल. असा सप्लाय "दुरुस्त" करून ती सोय काढून टाकू नका.

१२. कमी व्होल्टेजला टिक-टिक आवाज येतो आणि एलईडी लुकलुकतो.

याला हिकप म्हणतात. सुरू होतो, जमत नाही, थांबतो, पुन्हा प्रयत्न करतो. लोड काढून बघा. लोड काढल्यावर थांबला तर इनपुटचा कपॅसिटर (प्रश्न ४). लोड काढूनही चालू राहिला तर आयसीच्या सप्लायचा कपॅसिटर (प्रश्न ११).

१३. जत्रेतल्या नाटकाला आमचा जुना अँप्लिफायर रात्री गुरगुरतो. त्यात तर ट्रान्सफॉर्मर आहे, एसएमपीएस नाही.

ट्रान्सफॉर्मरवाला सप्लाय वेगळ्या रीतीने हार मानतो. तो बंद पडत नाही, बेसूर होतो.

आतल्या ५ व्होल्टच्या भागाला ७८०५ (५ व्होल्ट स्थिर ठेवणारा रेग्युलेटर) असेल तर त्याला आउटपुटपेक्षा २ व्होल्ट वर लागतात, म्हणजे ७. ट्रान्सफॉर्मर ९ व्होल्टचा असेल तर २३० वर डायोडनंतर ११.३ मिळतात, ऐसपैस. १६० वर उरतात ७.४, त्यातला एक व्होल्ट रिपलमध्ये जातो, तळ ६.४ ला. म्हणजे सेकंदाला शंभर वेळा रेग्युलेटरची दांडी, आणि तीच १०० हर्ट्झची गुरगुर स्पीकरमध्ये.

पॉवर स्टेजला रेग्युलेटर नसतोच. १६० वर तिची ताकद निम्म्याच्याही खाली येते. मंडपाच्या बाहेरच्या माणसाला ऐकू येत नाही म्हणून कोणीतरी व्हॉल्यूम वाढवतं, आवाज फाटतो आणि ट्वीटर (बारीक आवाजाचा स्पीकर) जळतो. तिकडे स्टेजवरचे हॅलोजन त्याच फेजवर असतात! पहिला उपाय म्हणजे अँप्लिफायर दुसऱ्या फेजवर घ्यायचा. टेस्टला नेहमीची रीतच, फक्त लोडला ८ ओहमचा मोठा रेझिस्टर आणि प्रत्येक थांब्यावर कान हेडफोनला.

१४. कॉम्प्युटरच्या जुन्या एसएमपीएसवर ११५/२३० चा लाल स्विच आहे. आमच्याकडे १५० च येतात, तर ११५ वर टाकू का?

कधीही नाही. ११५ वर ते सर्किट व्होल्टेज दुप्पट करतं. १५० असताना आतल्या दोन २०० व्होल्टच्या कपॅसिटरांवर प्रत्येकी २१२ येतील, तेव्हाच ते मर्यादेबाहेर. मध्यरात्री पंप थांबून २३० आले की दोघांवर मिळून ६५०. मग आवाज येतो, आणि घरात पांढरा धूर.

नव्या सप्लायना हा स्विच नसतो, ॲक्टिव्ह पीएफसी असतं. ते इनपुट काहीही असलं तरी आत ३८० ते ४०० व्होल्ट करून ठेवतं, त्यामुळे प्रश्न ४ मधला खेळ इथे वेगळा. इथे कमी व्होल्टेजला कपॅसिटरपेक्षा पीएफसीचा मॉसफेट आणि ब्रिज (एसीचं डीसी करणारे डायोड) आधी तापतात. पंखा बंद पडलेला असेल तर कमी व्होल्टेजची टेस्ट घेऊच नका.

१५. मीटर २३० दाखवतो, तरी इन्व्हर्टरवर सप्लाय कमी व्होल्टेजसारखा वागतो. मीटर खोटं बोलतो का?

मीटर खरं बोलतो, पण अर्धंच. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरचं शिखर आरएमएसएवढंच असतं. २३० चा स्क्वेअर म्हणजे शिखरही २३० च, साइनसारखं (लाईनच्या नेहमीच्या गोलसर लाटेसारखं) ३२५ नव्हे. इनपुटचा कपॅसिटर शिखरावर भरतो, त्यामुळे त्याच्या दृष्टीने ही साइनची १६३ व्होल्टची लाईट आहे. दिलासा एवढाच की शिखर सपाट असल्याने कपॅसिटर मधल्या वेळात फारसा उतरत नाही. आणि मीटर ट्रू आरएमएस नसेल तर तो २३० च्या स्क्वेअरला २५५ दाखवेल, म्हणजे उलटीच दिशाभूल.

१६. पंप सुरू झाला की सेट-टॉप बॉक्स रिस्टार्ट होतो. हे डिमरस्टॅटवर कसं तपासायचं?

मूठ फिरवून होत नाही. हात तेवढा झटपट चालत नाही. हा डिप आहे, क्षणाचा. त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६१०००-४-११. त्यात अर्ध्या आणि एका सायकलला पूर्ण शून्य, २५ सायकल (म्हणजे अर्धा सेकंद) ७० टक्क्यांवर, आणि २५० सायकल पूर्ण खंड अशा परीक्षा आहेत. २३० चे ७० टक्के म्हणजे १६१.

आमचा गावठी जुगाड असा: एक चेंजओव्हर स्विच, आधी सोडून मग धरणारा. एका बाजूला थेट लाईन, दुसऱ्या बाजूला १६१ वर लावलेला डिमरस्टॅट, दोन्ही एकाच फेजवरून. स्विच मारला की काही मिलिसेकंदांची पोकळी आणि मग १६१. मानकापेक्षा थोडी कडक परीक्षा होते, पण जो यात टिकतो तो पंपासमोरही टिकतो. टिकला नाही तर आधी कपॅसिटर, प्रश्न ४ प्रमाणे.

१७. स्टॅबिलायझर लावला की हे सगळं करायची गरज नाही ना?

फ्रीजला लावा. फ्रीजच्या मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, तिला खरंच गरज आहे. चांगल्या एसएमपीएसला गरज नाही, आणि खराब एसएमपीएसचा आजार स्टॅबिलायझर फक्त झाकतो.

रिलेवाल्या स्टॅबिलायझरची एक खोडही आहे: लाईन १७० ची अचानक २३० झाली तर रिले हलेपर्यंत काही क्षण तो वाढवलेलं व्होल्टेजच पुढे देतो. आणि वाड्यावर सगळ्यांनी स्टॅबिलायझर लावले की प्रत्येक जण तेवढे वॅट मिळवायला जास्त करंट ओढतो, लाईन आणखी बसते. मग नव्याने एक स्टॅबिलायझर विकला जातो.

१८. आमच्याकडे १५० आणि शेजाऱ्याकडे २९०. कुठला सप्लाय टेस्ट करू?

कुठलाच नाही. आधी मेन स्विच पाडा आणि लाईनमनला बोलवा, तक्रारीला १९१२. हा न्यूट्रल तुटल्याचा प्रकार आहे. तीन फेजची लाईन, दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट. न्यूट्रल गेला की दोन घरं एकमेकांच्या सिरीजमध्ये येतात आणि ज्याचा लोड कमी त्याच्यावर व्होल्टेज जास्त. खूण म्हणजे तुम्ही इस्त्री लावली की दुसरीकडचा बल्ब मंद होण्याऐवजी उजळतो. पावसाच्या पहिल्या वादळानंतर माडाची झावळी तारांवर पडली की हे हमखास. ९० व्होल्टला पास झालेला सप्लायही ३५० ला वाचत नाही.

१९. टेबलाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की पडणारा स्विच) आहे. मग शॉकची भीती कशाला?

डिमरस्टॅट हा ऑटो-ट्रान्सफॉर्मर आहे. मूठ ३० व्होल्टवर असली तरी त्याचं एक टोक थेट लाईनला जोडलेलं असतं, आणि प्लग उलटा बसला तर तुमच्या "शून्य" वायरवर पूर्ण २३० असतात. इथे आरसीसीबी कामाला येतो. पण त्याच्या पुढे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावलात की आरसीसीबी आंधळा होतो. दोन तारांना एकाच वेळी हात लागला तर तो पडणार नाही. म्हणून एक हात खिशात, आणि क्रम असा: लाईन, आरसीसीबी, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, डिमरस्टॅट, वस्तू. ऑसिलोस्कोपची अर्थ क्लिप सप्लायच्या गरम बाजूला लावायची असेल तर आयसोलेशनशिवाय नाहीच.

२०. सगळे सप्लाय टेस्टमध्ये पास झाले, तरी घरी त्रास आहेच. आता?

मग आजार घरात आहे. हवेतल्या मिठाने मांद्रे-हरमलकडच्या घरांत तारांचे जोड हिरवे पडतात, आणि पावसाळ्यानंतर ते उघडे पडतात. तपासायला दोन ठिकाणी मोजा: सॉकेटवर आणि घराच्या वीजमीटरपाशी, आधी लोड नसताना, मग गीझर लावून. मीटरच्या वरचं सील किंवा कट-आउट उघडायला जाऊ नका. ते खात्याचं काम.

मागच्या ऑक्टोबरात एका घरी गीझर लावल्यावर मीटरपाशी २१८ चे २१४ झाले, म्हणजे लाईन ठणठणीत. हॉलच्या सॉकेटवर मात्र २१८ चे १९९. मधले १५ व्होल्ट मीटर आणि बोर्डाच्या मध्ये कुठेतरी जात होते. साडेसात अँपिअरला १५ व्होल्ट म्हणजे शंभर वॅटच्या वर, चार सोल्डरिंग आयर्न एकाच जोडात तापत ठेवल्यासारखे. जंक्शन बॉक्सचं झाकण काढलं तर ते आतल्या बाजूने तपकिरी झालं होतं, आणि न्यूट्रलचा स्क्रू बोटाने फिरत होता.